शिवलेल्या तोंडाची डरकाळी

आमच्या घरात वाघ होता, आणि तो वर्षभर माळ्यावरच्या टोपलीत राहायचा. कागदाचा लगदा आणि मेथीचं पीठ कालवून केलेला मुखवटा. पिवळाधमक, गालांवर काळे ठिपके, मिशांच्या जागी झाडूच्या काड्या, आणि तोंड असं उघडलेलं की नानांनी तो चढवल्यावर आत बघितलं तर त्यांचं नाक दिसायचं. नाना म्हणजे माझे वडील. सगळं पिंपळनेर त्यांना नाना म्हणायचं, म्हणून आम्ही पोरंही नानाच म्हणायचो. चैत्रात आमच्याकडे भोवाडा निघायचा. देवांची, राक्षसांची, जनावरांची सोंगं मुखवटे चढवून संबळ-पिपाणीच्या तालावर रात्रभर एकामागून एक यायची, आणि सगळ्यांत शेवटी, फटफटीत उजाडलं की वाघ यायचा. वाघाचं सोंग आमच्या घराण्याकडे. नाना मुखवटा चढवून उभे राहिले की दोन गडी त्यांच्या कमरेला दोर बांधून मागून धरायचे, कारण संबळ चढला की त्यांच्या अंगात यायचं आणि ते कुणावरही झेप घ्यायचे. पुढे गाईचं सोंग, ते शेजारचे दगडू आबा घ्यायचे. सहा फुटी माणूस, गाय म्हणून पळताना त्यांचं धोतर सुटायचं आणि बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. वाघ गाईला गाठायचा, गाय पडायची, आणि मग वाघ खाली बसून गाईच्या पाया पडायचा. आमच्या गावची रीत. पाया पडल्याशिवाय वाघाला नारळ मिळायचा नाही.

हे सगळं आधी सांगते, कारण पुढे जे झालं ते या टोपलीतल्या वाघामुळे झालं. आमच्या भोळेपणामुळे झालं, असं लोक म्हणतात. मी नाही म्हणत. भोळा माणूस फसला तर फसवणाऱ्याचं पाप कमी होतं काय?

आमचं घर मातीचं, पुढे पडवी, मागे गोठा. चूल आणि गोठा यांच्यामध्ये नुसती एक कुडाची भिंत, त्यामुळे माय भाकरी थापायला बसली की गुरांना थपथप ऐकू जायची आणि ती दावणीला उठून उभी राहायची. त्यांना ठाऊक, थपथप थांबली की कोंड्याची पाटी येते. माय नागलीची भाकरी करायची, काळीभोर, त्यावर उडदाची आमटी आणि पाट्यावर रगडलेला मिरचीचा ठेचा. त्या ठेच्याचा ठसका गोठ्यात गेला की कबरी शिंकायची. कबरी माझी. सगळी गुरं नानांची, पण कबरी माझी. ती चार दिवसांची असताना तिची माय गेली, तेव्हा मी कापडाचा बोळा दुधात बुडवून तिच्या तोंडात पिळायचे. रात्रंदिवस. माझं बोट आणि बोळा यांत तिला फरक कळायचा नाही, माझं हे बोट बघा, अजून वाकडं आहे. पांढऱ्या अंगावर तांबडे डाग, एक कान अर्धा तांबडा. कुठंही असो, नदीपलीकडे चरत असो, मी कमरेवर हात ठेवून "ये कबरे, ये ये ये" म्हटलं की मान वर, कान पुढे, आणि शेपूट उभी करून धावत यायची. कालवड झाली होती, आता दोन वर्षांत गाभण राहिली असती, तरी लहानपणीसारखीच धावत यायची आणि माझ्या पोटावर डोकं घुसळायची. सखू अक्का, आमची शेजारीण, म्हणायची, "सुमे, तुन्हा लगीनमा ही कबरी नवरदेवले मारी टाकी वं!"

आणि खरा वाघ? तोही होता ना. बिबट्या. आमच्याकडे पट्ट्याचा काय आणि ठिपक्याचा काय, दोघांनाही वाघच म्हणतात. पश्चिमेकडे डोंगर सुरू होतात, तिथून उन्हाळ्यात तो पांझरेच्या डबक्यावर पाणी प्यायला उतरायचा. त्याचा आवाज डरकाळीसारखा नसतो, हे आधी ऐकून ठेवा. लाकडावर करवत चालवावी तसा असतो, खर्र-खर्र, खर्र-खर्र. तिन्हीसांजेला तो आवाज आला की माय चुलीसमोरून न उठता म्हणायची, "उना. दार लावा." उना म्हणजे आला. एवढंच. पाव्हणा आल्यासारखं. तो कधी कुत्रं न्यायचा, एकदा दगडू आबांची शेळी नेली, तेव्हा आबांनी दोन दिवस त्याला शिव्या दिल्या आणि तिसऱ्या दिवशी शिवेवरच्या वाघदेवाला नारळ फोडून आले. वाघदेव म्हणजे एक उभा दगड, त्यावर वाघ, चंद्र, सूर्य कोरलेले. आमच्या डोंगरातले कोकणी आदिवासी, भिल लोक, आम्ही, सगळे त्याला मानायचो. भीती होती, नाही कशी? पण ती ओळखीतली भीती होती.

तर अशा आमच्या गावात सिनेमावाले आले. जंगलाचा सिनेमा काढायचा होता त्यांना, हिंदी. नाव नाही लिहीत. कुणी जुनं हुडकून परत बघेल, आणि मला तेवढंही त्याला द्यायचं नाही. डाकबंगल्यात मोठी माणसं उतरली, बाकीचे शाळेत. जनरेटर सुरू झाला तो पंधरा दिवस थांबला नाही. नदीकाठी ती धडधड सुरू झाली आणि पहिल्या दोन दिवसांतच तिथल्या टिटव्या, बगळे, सगळे गेले. तिन्हीसांजेचा करवतीचा आवाजही गेला. म्हणजे बघा, ज्यांना जंगल दाखवायचं होतं त्यांनी आल्या आल्या जंगलाला हाकलून दिलं.

आणि उरलेलं जे रान होतं ते त्यांना आवडेना. वैशाखात आमचा साग उघडा असतो. पळस फुलून गेलेला असतो. पिवळं करपलेलं गवत, तांबडी माती, नदीचं कोरडं पात्र आणि मधे मधे पाणी. मोहाची फुलं नुकती संपलेली, जमिनीवर त्यांचा आंबूस वास. असं आमचं रान, आणि मला अजून त्याच्याइतकं देखणं काही वाटत नाही. त्यांचा साहेब, पांढरी टोपी घातलेला, कमरेवर हात ठेवून म्हणाला, "ये जंगल है? ये तो उजडा चमन है." मग त्यांनी मळ्यांतल्या आंब्यांच्या फांद्या तोडून आणल्या आणि तारेनं सागाला बांधल्या. आंब्याची पानं सागाला! गवतावर हिरवा रंग फवारला. शेळ्यांनी ते खाल्लं आणि तीन शेळ्या फुगल्या. थर्माकोलच्या कवट्या आणल्या, धुराचं यंत्र आणलं. दगडू आबांच्या बांधावरचा पळस कॅमेऱ्याला आडवा येत होता म्हणून सकाळी उठून बघतो तो बुंधाच उरलेला. आणि वाघदेव! आमच्या वाघदेवाला कवट्यांची माळ घातली, तोंडाला लाल रंग फासला आणि त्याला नरबळी घेणारा देव केला. त्याच्यापुढे नाचायला कोकणी पोरांना आणलं. ती आली टेरिकॉटचे शर्ट घालून, केसांना तेल लावून, सिनेमात दिसायचं म्हणून. त्यांचे शर्ट काढायला लावले, अंगाला काळा रंग लावला, डोक्याला कोंबड्याची पिसं. काळ्या माणसाला काळा रंग! आम्ही सगळे टेकाडावर बसून बघत होतो आणि हसत होतो. हसत होतो, हे लिहायलाच पाहिजे. मी पण हसले.

त्यांचा मॅनेजर मराठी होता, नाशिककडचा. तो जेवणाची सोय बघायला आमच्याकडे आला आणि मायच्या वरण-बट्टीवर खूष झाला. मग रोज दुपारी साहेबाचं आणि पाच-सहा जणांचं जेवण आमच्याकडून. पडवीत गोवऱ्यांचा आर करायचा, त्यात बट्ट्या भाजायच्या, फोडून तुपात बुडवायच्या. मायला कौतुक वाटायचं. मुंबईची माणसं बोटं चाटतात म्हणून सगळ्या गल्लीला सांगून यायची. एक दिवस जेवून हात धुताना मॅनेजरची नजर कबरीवर गेली.

"नाना, ही कालवड लागेल आम्हाला एक दिवस."

"कशाला?"

"सीन आहे. वाघ गाईच्या मागे लागतो. हिरो मग वाघाला मारतो."

नानांचे डोळे चमकले. हा तर त्यांचा प्रांत. "वाघ कोण करतं?" त्यांनी विचारलं.

"वाघ आमचा आहे ना. मुंबईहून आणलाय."

नाना जरा खट्टू झाले. तरी म्हणाले, "आणि धरायला माणसं आहेत ना? वाघाला मागून धरावं लागतं. संबळ वाजायला लागला की आवरत नाही."

"दोन माणसं आहेत ना त्याची. कायम दोर धरून असतात."

"हां, मग बरोबर," नाना म्हणाले. "वासरीला काही होणार नाही ना?"

"ओरखडासुद्धा नाही. माझी जबाबदारी."

मॅनेजर गेल्यावर नाना माळ्याकडे बघत मायला म्हणाले, "मुंबईना वाघ! त्याले नाचता तरी येस का?" माय म्हणाली, "तुमीन जा ना मंग शिकाडाले." आणि आम्ही सगळे हसलो. आमच्या कुणाच्या डोक्यात क्षणभरही आलं नाही की गाईच्या अंगावर कुणी खरा वाघ घालेल. का येईल? आयुष्यात वाघाचा खेळ पाहिला तो माणसाचा पाहिला. खेळातला वाघ शेवटी गाईच्या पाया पडतो, एवढंच आम्हाला माहीत. आज माझी नात म्हणते, "आजी, तुम्ही एवढे कसे काय फसलात?" तिला कसं सांगू, आम्ही फसलो नव्हतो गं, आम्ही त्यांना आमच्यासारखं समजलो होतो.

त्या दिवशी मी कबरीला पांझरेच्या डबक्यात घासून धुतलं. शिंगांना तेल लावलं. गळ्यात घुंगरांचा पट्टा घातला, तो त्यांनी काढायला लावला, आवाज येतो म्हणून. नदीच्या पात्रात एका बाजूला झुडपं उभी केली होती आणि झुडपांमागे ताडपत्रीनं झाकलेलं काहीतरी होतं. नाना तिकडे मान उंच करून बघत होते, मुंबईचा कलावंत कसा आहे म्हणून. टेकाडावर सगळं गाव. सखू अक्का शेंगा घेऊन बसलेली.

कबरी काही त्यांचं ऐकेना. त्यांना ती झुडपांकडून कॅमेऱ्याकडे पळत यायला हवी होती. एकानं मागून हाकललं, ती आडवी गेली. दुसऱ्यानं दगड मारला, तेव्हा मी ओरडले. मॅनेजरनं मला बघितलं. "तुझं ऐकते का गं ती?" मी म्हटलं, "माझंच ऐकते." किती अभिमानानं म्हटलं मी! मग मला कॅमेऱ्याच्या मागे एका लाकडी खोक्यावर उभं केलं. साहेबानं स्वतः माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बेटी, जब मैं हाथ उठाऊं, तब आवाज देना." आणि सगळ्यांना बजावलं, कुणी हलायचं नाही, कुणी बोलायचं नाही, एकदाच होणार आहे.

साहेबानं हात वर केला. मी कमरेवर हात ठेवले आणि हाक मारली. ये कबरे, ये ये ये.

ती आली. मान वर, कान पुढे, शेपूट उभी. तिच्या मागच्या पायाला बारीक तार बांधली होती, ती तार वाळूखालून नेऊन खुंटीला अडकवली होती, ते मला वरून दिसलं नाही. तेवढ्यात ताडपत्री ओढली गेली. आत पिंजरा होता. आणि पिंजऱ्यात बिबट्या होता.

तो बाहेर येईना. मागून एकानं काठीनं ढोसलं तेव्हा आला, पोट वाळूला लावून, रांगत. मी एवढ्या जवळून कधी पाहिला नव्हता. हाडं दिसत होती. आणि तोंडावर काहीतरी काळं होतं. आधी वाटलं रंग असेल. मग दिसलं, दोरा. वरचा ओठ आणि खालचा ओठ काळ्या दोऱ्यानं शिवलेले. माय फाटलेली गोधडी शिवते तसे टाके, एक आड एक. तो पुढच्या पंजानं सारखा तोंड घासत होता.

माझी हाक तोंडातच राहिली. मी नानांकडे बघितलं. नानांनी पण बघितला होता तो दोरा. त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. एक. आणि थांबले. मला वाटलं आता ओरडतील, आता खेळ थांबवतील. ते नुसते उभे राहिले, हात लोंबते. कबरी मधेच थबकली होती, मागे वळायला लागली होती. मॅनेजर माझ्या कानाशी आला, "रुक क्यों गई? पुकारो, पुकारो!" घाईत तोही हिंदीत बोलायला लागला.

आणि मी हाक मारली. खोटं कशाला बोलू? आणखी दोनदा मारली. मला वाटलं, माझ्याकडे आली तर सुटेल. असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगते. खरं म्हणजे मोठ्या माणसांनी सांगितलं म्हणून मारली.

ती जीव खाऊन माझ्याकडे निघाली. काठीवाल्यानं बिबट्याला तिच्या अंगावर ढकललं आणि घाबरून त्यानं नख्या रोवल्या, दुसरं काय करेल? तार ताणली गेली. वाळलेली फांदी मोडावी तसा आवाज झाला. टेकाडावरसुद्धा ऐकू गेला, असं सखू अक्का नंतर सांगायची. कबरी बसली, उठली, पुन्हा बसली. साहेब ओरडला, "कट! क्या बात है!" आणि त्यांची माणसं टाळ्या वाजवायला लागली. टाळ्या! बिबट्या तिच्यापासून दोन हातांवर बसला होता, तिच्याकडे बघतही नव्हता, पंजानं तोंड घासत होता. मी धावत जाऊन कबरीचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा वाघवाला त्याला दोरानं ओढत नेत होता. मी त्याला विचारलं, हा खातो काय? तो अगदी सहज म्हणाला, "चार दिन बाद टांके खोल देंगे. तब तक नली से पानी."

बैलगाडीत घालून कबरीला घरी आणलं. नाना गाडी हाकत होते. हाडवैद्य बोलावला, त्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या, मान हलवली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माणसं जेवायला आली. आली! रोजच्यासारखी हात धुऊन पडवीत ओळीनं बसली. मॅनेजर धुळ्याहून पेढ्यांचा पुडा घेऊन आला होता. "वहिनी, सीन एकदम झकास झालाय." मायनं त्या दिवशी सवयीनं आर पेटवला होता, बट्ट्या आत होत्या, अर्ध्या भाजलेल्या. तिनं कोपऱ्यातला पाण्याचा हंडा उचलला आणि आख्खा आरावर ओतला. राखेचा असा लोट उठला की साहेबाची पांढरी टोपी करडी झाली. माय कुणाला अरे-तुरे न करणारी बाई, नानांपुढे पदर न घेता कधी उभी राहिली नाही. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मन्हा हातनी बट्टी आते तुमले नही. ऊठा." साहेबाला भाषा कळली नाही, पण कळलं. उठले. पेढ्यांचा पुडा पडवीत राहिला तो मायनं उकिरड्यावर टाकला. आजही मला कुणी विचारलं की तुला शिकवलं कुणी, तर मी त्या हंड्याचं नाव घेईन. शाळेचं नाही घेणार.

कबरी बारा दिवस जगली. मी तिला पुन्हा बोळ्यानं पाजलं. दूध नव्हे, भाताची पेज. पाय काळा पडत गेला. शेवटचे दोन दिवस तिला माझा आवाज आला तरी ती उठायला बघायची, म्हणून मी गोठ्यात तोंडाला पदर बांधून बसायचे. एवढंच लिहिते. यापुढचं मला लिहायचं नाही.

पुढच्या वर्षी तो सिनेमा धुळ्याला लागला. गावातून दोन एसटी गाड्या भरून माणसं गेली, दुपारच्या खेळाला. माय गेली नाही. मी गेले, कारण मला बघायचं होतं त्यांनी तो दोरा दाखवलाय का. नाना माझ्या शेजारी बसले, इस्त्रीचा सदरा घालून.

पडद्यावर आमची पांझरा आली आणि ओळखू येईना. धूर, कवट्या, काळं आभाळ. मागून एक माणूस भसाड्या आवाजात सांगतोय की या जंगलात जो जातो तो परत येत नाही. अरे, मी रोज जायचे आणि मोहाची पाटी भरून परत यायचे! पिसं लावलेली कोकणी पोरं आली तेव्हा मागच्या रांगेतल्या त्याच पोरांनी स्वतःला बघून शिट्ट्या मारल्या. आणि मग वाघ. केवढी डरकाळी! थिएटरच्या खुर्च्या हादरल्या. बायका किंचाळल्या. मी डोळे फाडून बघत होते. तोंड बंद होतं. डरकाळी चालू होती आणि तोंड बंद होतं. मग झटकन दुसऱ्याच कुठल्या तरी वाघाचं उघडं तोंड दाखवलं, दात, जीभ, आणि परत आमचा. दोरा दिसू नये म्हणून गवताच्या आडून. त्याचं तोंड शिवलं ते शिवलं, वर त्याच्या तोंडी दुसऱ्याचा आवाज घातला आणि जगाला सांगितलं, बघा हा किती क्रूर. याला काय म्हणायचं? तुम्हीच सांगा.

आणि कबरी आली. वाद्यांचा गदारोळ सुरू झाला. माझी हाक कुठेच नव्हती, पुसून टाकली होती. सगळं थिएटर श्वास रोखून बघत होतं, बिचारी गाय जिवाच्या भीतीनं पळतेय म्हणून. पण तिचे कान पुढे होते. गुरं राखलेल्या माणसाला विचारा, घाबरलेलं जनावर कान मागे पाडतं. तिचे कान पुढे होते आणि शेपूट उभी होती. ती पळत नव्हती. ती येत होती. सखू अक्का पुढच्या रांगेतून वळून ओरडली, "सुमे, तुन्ही कबरी ते हिरोईन व्हई गई वं!" आणि गावाची माणसं टाळ्या वाजवायला लागली. माझ्या गावाची, ज्यांनी टेकाडावरून ते हाड मोडलेलं ऐकलं होतं, त्यांनी.

मी उभी राहिले. "ती पळत नाहीये! ती माझ्याकडे येतेय! मी बोलावलं तिला!" असं काहीतरी ओरडले. मागून आवाज आला, "ए बाई, बस खाली, डोकं दिसतंय." कुणीतरी हसलं. नानांनी माझं मनगट धरलं आणि मला खाली ओढलं. पडद्यावर हिरोनं वाघाला गोळी घातली आणि शिट्ट्यांनी छत उडालं.

इथे जळगावात आता माझ्या घरात मोठा टीव्ही आहे. नात जंगलाचे कार्यक्रम लावते, खूप सुंदर असतात, मी नाही म्हणत नाही. ती सांगते, आता जनावरांना त्रास देत नाहीत, कायदे आहेत, वाघ सगळा संगणकावर करतात. करत असतील. बरंच झालं. पण संगणकातल्या वाघालाही ते लाल डोळेच देतात आणि रान म्हटलं की धूरच सोडतात, आणि मग कुठे उसात बिबट्या दिसला की शंभर माणसं काठ्या घेऊन धावतात. ती भीती आमच्या घरातली नव्हे. ती बाहेरून आणून आमच्या डोळ्यांत घातली, आणि मला अजून राग येतो. या वयात रागावू नये, रक्तदाब वाढतो, असं डॉक्टर म्हणतात. वाढू दे.

त्या दिवशी खेळ सुटल्यावर आम्ही धुळ्याच्या स्टँडवर साक्रीकडच्या गाडीची वाट बघत बसलो. बाकीचे रस प्यायला गेले. नानांनी माझ्यासाठी भेळ आणली, मी हातात घेतली नाही. ती त्यांनी बाकावर ठेवली आणि त्यावर माशा बसायला लागल्या. मी वर्षभर विचारलं नव्हतं ते तेव्हा विचारलं.

"नाना, तुम्ही दोरा बघितला होता. एक पाऊल पुढे आला होतात. मग थांबलात का?"

नानांनी समोरच्या गाडीच्या पाटीकडे बघितलं. त्यांना वाचता येत नव्हतं. मग खाली बघून म्हणाले, "बठ्ठा देखी ऱ्हायंतात ना, सुमे."

सगळे बघत होते. गावापुढे खेळ मोडायचा कसा, शब्द दिलेला, साहेबानं हलू नका म्हणून बजावलेलं. तेवढ्यासाठी. मला वाटलं होतं काहीतरी मोठं कारण असेल, भीती असेल, धमकी असेल. काहीच नव्हतं. चारचौघांत वाईट दिसेल, एवढंच होतं.

"कबरी बी देखी ऱ्हायंती, नाना," मी म्हटलं. "मन्हाकडे."

गाडी लागली. मी पुढे जाऊन एका अनोळखी बाईशेजारची जागा धरली. नाना मागे कुठेतरी बसले, की उभेच राहिले, मला माहीत नाही. पिंपळनेर येईपर्यंत मी वळून पाहिलं नाही.